यंत्रासारखं लिहायला शिका, घरबसल्या

नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका (यवतमाळ जिल्हा आवृत्ती)

ही मार्गदर्शिका कोणासाठी?

हल्ली कोणाचाही लेख हातात आला की वाचणारा आधी वास घेतो. दोन परिच्छेद झाले की मान हलवतो आणि म्हणतो, "हे तू नाही लिहिलं, यंत्रानं लिहिलंय." ज्यानं रात्र जागून लिहिलं तो बिचारा शपथा खात बसतो. ज्यानं खरंच मोबाईलकडून लिहून घेतलं तो समोरच्या टपरीवर चहा पीत असतो. ही भानगड कायमची मिटवायची तर मला एकच मार्ग दिसतो. सगळ्यांनीच यंत्रासारखं लिहावं. मग कोणी कोणावर शंका घेण्याचं कारणच उरणार नाही.

शिकवायचा तुमचा अधिकार काय, असं विचाराल. चॅटजीपीटी आलं नोव्हेंबर २०२२मध्ये. त्याच्या आधी वीसेक वर्षं मी या जिल्ह्यात तालुका वार्ताहर होतो, नंतर डेस्कवर बसलो. यंत्र आज विजेवर जे करतं ते मी हातानं करत होतो. "परिसरात हळहळ व्यक्त होत आहे" हे वाक्य मी जितक्या वेळा लिहिलं, तितके रुपये बाजूला टाकले असते तर आज शेताच्या धुऱ्यापलीकडचा तुकडाही माझ्या नावावर असता.

साहित्य

मोबाईल एक. विषय एक, शक्यतो ज्यातलं आपल्याला काही माहीत नाही असा. घराबाहेर न पडण्याची पक्की तयारी.

सरावाला विषय घेऊ कापूस वेचणीचा. यवतमाळात राहून कापसावर लिहिता येत नाही असं कोणी म्हणू नये. दर धड्याला एक वाक्य तयार करायचं. आठ धड्यांत आठ वाक्यांचा परिच्छेद होईल आणि तो कुठल्याही दिवाळी पुरवणीत खपेल.

धडा पहिला: गाडी दिल्लीहून सोडा

घाटंजीच्या शेतावर लिहायचं असलं तरी सुरुवात घाटंजीपासून करू नये. देशापासून करावी, जमल्यास मानवी संस्कृतीच्या उदयापासून. "आजच्या धावपळीच्या युगात" हीसुद्धा चांगली सुरुवात आहे, कारण युग कोणतंही असो, धावपळ असतेच.

आपलं वाक्य: *भारत हा कृषिप्रधान देश असून कापूस हे येथील एक महत्त्वपूर्ण पीक आहे.*

हे वाचून शेतकऱ्याला नवी माहिती मिळेल असं नाही. पण त्याच्यासाठी आपण लिहितच नाही.

धडा दुसरा: आधी खोटा माणूस उभा करा, मग त्याला पाडा

"हे केवळ अमुक नाही, तर तमुक आहे." यंत्राचं हे सर्वांत लाडकं वाक्य. त्याची गंमत अशी की "केवळ अमुक आहे" असं आधी कोणी म्हटलेलंच नसतं. कोणी न मांडलेला मुद्दा खोडला की लिहिणारा खोल विचार करणारा वाटतो.

आपलं वाक्य: *कापूस हे केवळ पीक नाही, तर ती एक भावना आहे.*

हा साचा मी घरी वापरून पाहिला. पानात पातोडी आली तेव्हा म्हटलं, "ही केवळ पातोडी नाही." आतून उत्तर आलं, "मंग खाऊ नका." तेव्हा घरगुती वापर टाळावा.

धडा तिसरा: दोन असतील तर तीन करा

यंत्राला दोन गोष्टी सांगून थांबवत नाही. तिसरी सुचली नाही तर ते पहिल्या दोनचा एखादा भाऊबंद धरून आणतं. कष्ट म्हटलं की त्याग येतो, त्याग आला की जिद्द दारात उभीच असते.

आपलं वाक्य: *या पिकामागे कष्ट, त्याग आणि जिद्द यांची प्रेरणादायी कहाणी दडलेली आहे.*

कहाणी नेहमी दडलेलीच असावी. ती शोधायला कोणी वाकून पाहत नाही.

धडा चौथा: पाणी मारा

हा धडा आपल्या जिल्ह्यात वेगळा शिकवावा लागत नाही. कापूस गाडीत भरताना मधल्या थरावर पाणी शिंपडलं की वजन वाढतं, हे ज्ञान जुनं आहे. लेखात पाण्याचं काम विशेषणं करतात. शुभ्र, सोनेरी, अथक, अनमोल, समृद्ध, अनोखा. शब्द वाढतात, पान भरतं.

आपलं वाक्य: *सोनेरी सूर्यकिरणांत न्हाऊन निघालेल्या पांढऱ्याशुभ्र शिवारात निसर्ग आणि मानवाचा एक अनोखा संगम पाहायला मिळतो.*

सावधगिरीची एक सूचना. खरेदी केंद्रावर ग्रेडर वरचा कापूस पाहत नाही. कोपरापर्यंत हात गाडीत खुपसतो आणि आतला मूठभर उपसतो. ओलावा मोजायचं छोटं यंत्र त्यात टोचतो. कापूस महामंडळाच्या हिशेबात ८ टक्के ओलावा बरोबर. त्याच्या वर भाव कापला जातो आणि १२च्या पुढं गेला तर गाडी परत. वाचकांतही असे ग्रेडर असतात. ते तुमचं पहिलं पान वाचतच नाहीत, मधलं उघडतात.

धडा पाचवा: बाई नाहीशी करा

वेचणी कोण करतं? बाया करतात. हे यंत्राला सहन होत नाही, कारण बाई आली की तिचे हात आले, तिची मजुरी आली, तिचं बोलणं आलं. म्हणून कर्ता काढून टाकावा आणि क्रियापदाला सरकारी कोट घालावा. "वेचतात" लिहू नये. "वेचणीचे कार्य पार पाडले जाते" लिहावं. "द्वारे" आणि "माध्यमातून" हे दोन शब्द हाताशी ठेवावेत. त्यांच्या आड वाटेल तो माणूस लपतो.

आपलं वाक्य: *महिला मजुरांच्या माध्यमातून वेचणीचे कार्य अत्यंत कुशलतेने पार पाडले जाते.*

धडा सहावा: इंग्रजी सदरा, मराठी गुंड्या

यंत्राचं मराठी पुष्कळदा इंग्रजीतून चालत आलेलं असतं आणि पायाला तिकडची माती असते. "एक शेतकरी एका सकाळी एक स्वप्न घेऊन उठतो." मराठीत शेतकरी सकाळी उठतो, त्याला मोजावं लागत नाही. एखादी गोष्ट आवडते म्हणण्याऐवजी ती "हृदयाच्या जवळ" असते. आणि सगळं बोलून झालं की "दिवसाच्या शेवटी" येतं.

आपलं वाक्य: *दिवसाच्या शेवटी, हे सर्व त्यांच्या मेहनतीबद्दल आहे.*

आमच्याकडे दिवसाच्या शेवटी कापूस मोजतात. त्यावेळी दुसरं काही होत नाही.

धडा सातवा: वऱ्हाडीची फोडणी

यंत्राला म्हणा, जरा आपल्या बोलीत लिही. ते पुस्तकी वाक्य तसंच ठेवतं आणि शेवटी "बे" टाकतं.

आपलं वाक्य: *काकू, तुमचे हे परिश्रम म्हणजे एकदम नाद खुळा आहेत बे!*

यात "नाद खुळा" कोल्हापूरकडून आला आहे. "बे" आमचं आहे, पण ते बरोबरीच्याला किंवा लहानाला म्हणतात. काकूला "बे" म्हणून पाहा, कानाखाली वाजली की व्याकरण लक्षात राहतं. वऱ्हाडी शेपटीत नसते, ती वाक्याच्या कण्यात असते. मले, तुले, काहून, थे. डोळ्याचा डोया होतो. माणूस येत नसतो, येऊन राहिला असतो. बाई "मी बसले" म्हणत नाही, "मी बसली" म्हणते. आमच्या जिल्ह्याचे शंकर बडे "अस्सा वऱ्हाडी माणूस" हा एकपात्री कार्यक्रम करायचे. पहिल्या वाक्याला माणूस कोणत्या मुलखाचा ते कळायचं, त्यासाठी दर ओळीला "बे" लावावं लागत नव्हतं.

धडा आठवा: पहाट उगववा

शेवट आशेनं करावा. दुष्काळ असो, बोंडअळी असो, भाव पडलेला असो, शेवटच्या ओळीत सूर्य उगवलाच पाहिजे. अडचण आली तर दोन्ही बाजूंना थोडं थोडं बरोबर म्हणावं आणि "गरज आहे" वर थांबावं. कोणाची गरज आणि कोणी काय करायचं, ते लिहू नये.

आपलं वाक्य: *सर्वांनी एकत्र येऊन प्रयत्न केल्यास बळीराजाच्या आयुष्यात नवी पहाट उगवेल, यात शंका नाही.*

अभिनंदन. परिच्छेद तयार झाला.

परीक्षा

आता आठही वाक्यं एकाखाली एक लिहा आणि "कापूस" खोडून "संत्रा" घाला. "वेचणी"च्या जागी "तोडणी" आणि "पांढऱ्याशुभ्र"च्या जागी "हिरव्यागार" ठेवा. परिच्छेद आमच्या जिल्ह्यातून उठून वरूड-मोर्शीला गेला आणि त्याला प्रवासाचा त्रासही झाला नाही. "द्राक्ष" घाला, नाशिकला पोचेल. ऊस घातला तर कोल्हापूरला, तिथं "नाद खुळा" आपल्या घरीच जाईल. ज्या वाक्याला कुठल्याही जिल्ह्यात भाड्यानं खोली मिळते, ते यंत्राचं. मग ते मोबाईलनं लिहिलेलं असो की माझ्यासारख्यानं हातानं.

एक कबुली (अभ्यासक्रमाबाहेरची)

डेस्कवर आमच्याकडे एक साचा होता. येथील अमुक विद्यालयात अमुक दिन मोठ्या उत्साहात साजरा करण्यात आला. अध्यक्षस्थानी अमुक होते. प्रास्ताविक अमुक, सूत्रसंचालन तमुक, तर आभार प्रदर्शन ढमुक यांनी केले. कार्यक्रमाच्या यशस्वीतेसाठी सर्व शिक्षक व शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनी परिश्रम घेतले. फक्त नावं भरायची. एकदा अंक लवकर सोडायचा होता म्हणून मी एका गावच्या कार्यक्रमाची बातमी दुपारीच करून दिली. संध्याकाळी वादळ आलं, मांडव उडून शेजारच्या तुरीत पडला, कार्यक्रम झालाच नाही. दुसऱ्या दिवशी छापून आलं, मोठ्या उत्साहात साजरा. गावातून एकाचाही फोन आला नाही. मला वाटलं होतं लोक रागावतील. लोक वाचतच नव्हते, फक्त नावं पाहत होते.

यंत्र तरी वेगळं काय करतं? आतापर्यंतच्या शब्दांनंतर बहुधा कोणता शब्द येईल, याचा अंदाज बांधत पुढं सरकतं. त्याला मराठी शिकवायला जालावरचं मराठी दिलं गेलं. तिथं बातम्या, शासन निर्णय, शाळेचे तयार निबंध, इंग्रजीवरून उलथवलेली पानं. "यशस्वीतेसाठी" म्हटलं की त्याला "परिश्रम घेतले" सुचणारच. आम्हीच ते लाख वेळा त्या क्रमानं लिहून ठेवलं आहे. त्यानं आमची वही पाहून पेपर सोडवला आणि आता आम्ही त्याला कॉपी करतो म्हणून पकडतोय.

या साच्यातलं एक वाक्य मात्र हसण्यावारी नेता येत नाही. "नापिकी व कर्जबाजारीपणाला कंटाळून शेतकऱ्याची आत्महत्या." हे वाक्य आमच्या जिल्ह्यानं महाराष्ट्राला पाठ करून दिलं. त्याचे शब्द बातमीदारानं शोधलेले नाहीत, ते चौकशीच्या नमुन्यातून आलेले आहेत. तहसीलचा अहवाल जातो, जिल्हा समिती बसते, प्रकरण पात्र की अपात्र ठरतं, पात्र ठरलं तर १ लाखाची मदत. पात्र ठरायला नापिकी, कर्ज आणि वसुलीचा तगादा लागतो. म्हणून आम्हीही तेवढंच विचारायचो आणि तेवढंच लिहायचो. तो माणूस शेवटच्या आठवड्यात कोणाकडे जाऊन आला, कोणाशी बोलला, कोणाशी बोलला नाही, हे नमुन्यात नव्हतं, म्हणून बातमीतही आलं नाही. दहाव्या बातमीनंतर वाचकाची नजर त्या वाक्यावरून घसरू लागली. शंभराव्यानंतर माझीही.

२०१७च्या पावसाळ्यात फवारणीची विषबाधा झाली आणि माणसं दगावू लागली तेव्हा आम्ही लिहिलं, "फवारणी करताना विषबाधा." बरोबर होतं आणि काहीच सांगत नव्हतं. त्या वर्षी पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, माणसाच्या डोक्याबरोबर वाढली होती, नळी वर धरावी लागायची, फवारा तोंडावर यायचा. अनेक कारणांतलं हे एक, पण वाचणाऱ्याला चटकन डोळ्यांसमोर येणारं. ते साच्यात बसत नव्हतं. ते कळायला शेतात उभं राहून मान वर करावी लागत होती.

११ जानेवारी २०१९ला ९२वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन यवतमाळात भरलं. १९७३ला गदिमा अध्यक्ष असताना भरलं होतं, त्यानंतर थेट तेव्हा. उद्घाटनासाठी बोलावलेल्या लेखिका नयनतारा सहगल यांचं निमंत्रण मागे घेतल्यानं महाराष्ट्रभर वाद पेटला होता. उद्घाटन केलं कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे यांनी. नवऱ्यानं आत्महत्या केलेली शेतकरी बाई. संमेलनात भाषणं पुष्कळ झाली. नंतर लोक बोलत राहिले ते त्यांच्या भाषणाबद्दल. त्या ज्या गोष्टीवर बोलत होत्या तिच्यावर मी वीस वर्षं लिहीत होतो. माझं एकही वाक्य कोणाला आठवत नाही आणि ते बरंच आहे.

उतारा काढण्याची कृती

आता उलटी विद्या. उतारा हा शब्द आपल्याकडे फार कामाचा. सातबाऱ्याचा उतारा असतो, विषावर उतारा असतो, पुस्तकातला उतारा परीक्षेत येतो. जिनिंगमध्ये रुईचा उतारा असतो. १०० किलो कापूस घातला तर ३३ ते ३५ किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. उतारा कमी बसला तर जिनिंगवाला पुढच्या वेळी त्या गावचा माल घेताना नाक मुरडतो.

लेखाचाही असाच उतारा काढावा. जे वाक्य दुसऱ्या जिल्ह्यात चाललं ते काढा. जे काढल्यावर काहीच कमी झालं नाही तेही काढा. उरेल ती रुई. आपल्या आठ वाक्यांच्या परिच्छेदाचा उतारा मी काढून पाहिला. सरकीसुद्धा निघाली नाही. ती निघाली असती तर निदान म्हशीला घालता आली असती.

माझ्याकडे रविवारी चार-पाच मुलं लिहायला शिकायला येतात. त्यातली एक झरी जामणीकडची. तिला म्हटलं, वेचणीवर लिहून आण. पहिल्या रविवारी तिनं जे आणलं त्यात भारत कृषिप्रधान होता. मी विचारलं, "मोबाईलनं लिहिलं?" ती म्हणाली, "नाही सर, मीच लिहिलं. दहावीच्या निबंधासारखं." तिचं खरं होतं. गाईड तिनंही वाचलं होतं आणि यंत्रानंही.

मी म्हटलं, एक दिवस धुऱ्यावर उभी राहा, मग लिही. दुसऱ्या रविवारी तिनं हे आणलं:

*सकाळी दहिवर असतं म्हणून उन्हं चढेपर्यंत मालक हात लावू देत नाही. ओला कापूस जड भरतो अन् मजुरी किलोवर आहे. बायांना घाई असते, मालकाला नसते. किडकी कवडी वेगळी ठेवावी लागते, ती चांगल्यात गेली की बोलणी खावी लागतात. वाळल्या बोंडाची टोकं नखाजवळ लागतात म्हणून काकूनं दोन बोटांना चिंध्या बांधल्या होत्या. मी विचारलं, दुखतं का? ती म्हणाली, "दिवाळीपर्यंत दुखते, मंग बोटालेच समजते." संध्याकाळी मोजताना एकीच्या गाठोड्यात मातीचं ढेकूळ निघालं. दुसरीनं आरडाओरडा केला. मालक काही बोलला नाही. मी त्याला विचारलं, तुम्ही रागावले नाही? तो हसला. म्हणाला, "मागच्या हप्त्यात मीच गाडीवर पाणी मारून नेली होती. इले काय म्हणू?"*

मी लाल पेन उघडलं. वीस वर्षांची सवय, हात आपोआप चालतो. "काकू"च्या आधी "कष्टकरी" घालावं असं वाटलं. शेवटी समाजाच्या दुटप्पीपणावर एक ओळ हवी असंही वाटलं. पोरगी माझ्या पेनाकडे पाहत होती. ती म्हणाली, "सर, थे तिथं नव्हतं." मी पेन बंद केलं.

वारंवार विचारले जाणारे प्रश्न

*तीन गोष्टी लिहिल्या की लगेच यंत्र समजायचं का?*

नाही. आमच्याकडे कापूस, तूर आणि सोयाबीन पेरतात. मोजून पाहा, तीनच होतात, शेतकऱ्याला काय करायला सांगता? एका खुणेवरून कोणालाही फासावर चढवू नये. यंत्राचं लिखाण ओळखून देतो म्हणणारी यंत्रंही चुकतात आणि स्वच्छ, सरळ लिहिणाऱ्या पोरांना भलताच ताप होतो. शंका आली तर लेखकाला एक प्रश्न विचारावा, "हे कुठं पाहिलं?" ज्यानं पाहिलं असतं तो दहा मिनिटं बोलायचं थांबत नाही.

*म्हणजे साचा वाईटच?*

पोळ्याच्या झडत्या ऐका. तोरणाखाली बैल उभे असतात, एक जण झडती म्हणतो, तिचा सूर ठरलेला, शेवट ठरलेला, हर हर महादेव ठरलेलं. पण मधल्या ओळींत त्या वर्षीचा सरपंच असतो, न आलेला विमा असतो, कोणाच्या तरी गोठ्यातला मारका बैल असतो. दुसऱ्या गावची झडती आपल्या तोरणाखाली म्हणून पाहा, लोक हुसकावून लावतील. साचा बैलगाडीसारखा. त्यात काय भरून नेता त्याला भाव मिळतो.

*यंत्राला सांगितलं की बारकावे घाल, तर ते घालतं. मग?*

घालतं. चिंध्या घालेल, ढेकूळही घालेल. फक्त त्या ढेकळावरून कोणाचं भांडण झालेलं नसतं. चौकशीला गेलात तर ती बाई सापडणार नाही, मालकही नाही, शेतही नाही. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरचा महानुभावांचा वारसा आपण सांगतो. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी लीळाचरित्र लिहिलं ते चक्रधरस्वामींना ज्यांनी पाहिलं-ऐकलं होतं त्यांना गाठून, विचारून. मराठीतल्या पहिल्यावहिल्या गद्यग्रंथाची कृतीच ती: जा, विचार, मग लिही.

*मोबाईल वापरूच नये का?*

वापरा. मीही वापरतो, शुद्धलेखन तपासायला बरा पडतो. जिनिंगचं यंत्र वाईट म्हणून कोणी हातानं सरकी काढत बसत नाही. पण कापूस यंत्रातून निघत नाही, तो शेतातून आणून घालावा लागतो.

गृहपाठ

१. आपण मागच्या महिन्यात लिहिलेला कोणताही मजकूर घ्या. शुभेच्छा, श्रद्धांजली, अर्ज, काहीही. गावाचं आणि माणसाचं नाव झाका. कोणाबद्दल आहे ते घरच्यांना ओळखायला सांगा.

२. श्रद्धांजली असेल तर "मनमिळाऊ स्वभावाचे" खोडून त्या जागी माणूस रागावल्यावर काय करायचा ते लिहा. घरच्यांना आवडणार नाही. पण ते ओळखतील.

३. एक दिवस कुठल्याही धुऱ्यावर, फलाटावर, तहसीलच्या ओट्यावर उभे राहा. वही खिशात ठेवा. ढेकूळ निघेपर्यंत घरी यायचं नाही.